घोड्याचीं अडीच घरें



बुद्धिबळाच्या खेळास आपल्या पूर्वजांनीं दिलेलें नांव मोठें भारदस्त आहे. परंतु त्याच नांवामुळें कित्येक मुलांचें नुकसान होतें, असें माझें मत झालें आहे. तें कसें झालें, तें प्रथम सांगतों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मैदानांत चिखल झाल्यामुळें वसतिगृहाच्या ओसरीवर मुलें निरनिराळे खेळ मांडून बसलीं होतीं. एका पटावर पाथर्डीकडील खेड्यांतून त्याच वर्षीं आलेला एक मुलगा खेळत होता. डाव त्याच्या बाजूनें चांगला रंगला होता. इतक्यांत समोरच्या गड्यानें आपला घोडा उचलून एका रिकाम्या घरांत ठेवला व 'शह' म्हटलें. शह राजास, आणि मारा वजिरावरहि! राजा हलविणें भागच होतें. वजीर फुकट गेला. दुसरा डाव मांडला, त्यांतहि थोड्याच वेळांत तीच गत झाली. मी जवळ उभा होतों. थट्टेनें मीं म्हटलें, "अरे, जरा डोकें चालव कीं!" मुलगा कांहीं बोलला नाहीं. मोहरे पेटींत भरतां भरतां, मान वर न करतां तो म्हणाला, "सर, मला बुद्धीच नाहीं, तर बुद्धिबळ काय येणार? गणिताचेंहि तसेंच आहे."

त्या शेवटच्या वाक्यानें माझी थट्टा माझ्याच जिव्हारीं लागली. वजीर गेला तर दुसऱ्या डावांत परत मिळतो; पण 'मला बुद्धीच नाहीं' ही समजूत एकदां मुलाच्या मनांत घर करून बसली म्हणजे ती सहजासहजीं निघत नाहीं, आणि ती पटावरून उठून पाटीवर केव्हां जाऊन बसते, हें कोणास कळतहि नाहीं. त्या समजुतीस माझ्या एका वाक्यानें हातभार लागला होता. म्हणून हा लेख.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: घोड्याचा डाव ओळखणें हें उपजत बुद्धीचें काम नसून सवयीचें काम आहे, आणि ती सवय ज्यास अंकगणितांतील बेरीज येते, अशा कोणत्याहि मुलास लागूं शकते. 'बुद्धिबळ' या शब्दांतील पहिल्या पदाकडेच आपण पाहतों. पण 'बल' या शब्दाचा एक जुना अर्थ सैन्य असा आहे, आणि सैन्य कितीहि शूर असलें तरी त्यास रोज कवाईत करावी लागते, हें आपणांपैकीं कोणासहि सांगावयास नको.

इतर मोहऱ्यांपेक्षां घोडाच आपणांस अधिक कां फसवितो, याचा विचार करा. हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा चालतो, वजीर दोन्ही प्रकारें चालतो. त्यांची वाट डोळ्यांस रेषेसारखी दिसते, आणि मध्यें एखादें प्यादें आलें कीं ती वाट बंद होते. घोड्याची वाट बंद करतां येत नाहीं. तो सरळ दोन घरें जाऊन बाजूस वळतो, मध्यें कोण उभें आहे हें तो पाहत नाहीं, आणि त्याच्या उडीची रेषा पटावर कोठेंच आंखलेली नसते. त्या चालीस आपण 'अडीच घरें' म्हणतों, तें यासाठींच. शिवाय त्यानें शह दिला, तर मध्यें मोहरा घालून तो अडवितां येत नाहीं. घोड्यास मारावें, नाहीं तर राजा हलवावा; तिसरा मार्ग नाहीं. म्हणून राजास शह व दुसऱ्या मोहऱ्यावर मारा असा जोडडाव घोड्यास साधला, म्हणजे तो दुसरा मोहरा बहुधा गेलाच म्हणून समजावें.

ही चाल फार पुरातन आहे. हा खेळ भारतांत जन्मला, इराणांत गेला, व अरबांच्या द्वारें युरोपांत पोंचला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे वजीर व उंट यांच्या चाली बदलल्या. पूर्वीं एकेक घर तिरपा सरकणारा वजीर तेव्हांपासून सर्व पटावर संचार करूं लागला. म्हणजे १४९० सालीं मलिक अहमदानें येथें निजामशाही स्थापिली, जवळपास त्याच काळांत वजिरास हें ऐश्वर्य प्राप्त झालें. आपल्या शहराचें नांव अहमदनगराचें अहिल्यानगर झालें, रिसाल्यांनीं घोडे सोडून रणगाडे घेतले व त्या रणगाड्यांचें संग्रहालय आपल्याच शहरांत उभें राहिलें. पटावरचा घोडा मात्र पूर्वीं जसा उडत होता, तसाच आजहि उडतो. १६२४ सालीं येथून जवळच भातवडीस मलिक अंबरानें मोंगल व विजापूर यांच्या एकत्र फौजांचा मोड केला. तलावाचें पाणी सोडून त्यानें शत्रूच्या वाटेंत चिखल केला, व त्याच्या घोडदळानें अकस्मात छापे घालून त्या फौजेस जेरीस आणलें. जिकडून हल्ला येईल असें वाटत नाहीं तिकडून येणें हा घोड्याचा धर्म, मग तो रणांगणावरचा असो कीं पटावरचा असो.

आतां घोडें पेंड कोठें खातें, तें पाहूं. मुलें घोड्याच्या माऱ्यांत सांपडतात, याचें कारण तीं घोडा आज कोठें आहे हें पाहतात, पण पुढच्या उडीनंतर तो कोठें असेल हें पाहत नाहींत. हें पाहण्यास तीन प्रश्न पुरे आहेत. ते मीं त्या मुलास एका कागदावर लिहून दिले. तेच येथें देतों.

पहिला प्रश्न रंगाचा. घोडा पांढऱ्या घरांतून उडाला तर काळ्यांतच पडतो, आणि काळ्यांतून उडाला तर पांढऱ्यांतच. या नियमास अपवाद नाहीं. म्हणून एका जागीं बसून तो ज्या ज्या घरांवर मारा करतो, तीं सर्व घरें एकाच रंगाचीं असतात. यावरून असें निघतें कीं, पुढच्या एकाच उडीनें घोड्यास तुमचे दोन मोहरे कात्रींत धरावयाचे असतील, तर ते दोन मोहरे व उडीपूर्वींचा तो घोडा, असे तिघेहि एकाच रंगाच्या घरांत असले पाहिजेत. तेव्हां शत्रूचा घोडा पांढऱ्या घरांत येऊन बसला, कीं आपले कोणते मोठे मोहरे पांढऱ्या घरांत आहेत हें आधीं मोजावें. राजा पांढऱ्यांत व वजीर काळ्यांत असेल, तर निदान पुढच्या उडीपुरती त्या जोडीस चिंता नाहीं. दोघेहि पांढऱ्यांत असतील, तर सावध व्हावें. हें पाहण्यास बुद्धि लागत नाहीं. दोन डोळे व क्षणभर थांबण्याची तयारी लागते.

दुसरा प्रश्न उडीचा. घोडा ज्या घरांत जाऊं शकतो तीं घरें मोजावीं. पटाच्या मध्यभागीं तीं आठ असतात, कोपऱ्यांत दोनच. त्यांपैकीं कोणत्या घरांतून दोघांवर मारा बसतो, तें पाहावें. येथें एक-दोन खुणा पाठ असाव्यात. एकाच आडव्या किंवा उभ्या ओळींत मध्यें एक घर अथवा तीन घरें सोडून दोन मोहरे उभे असले, तर ते कात्रींत सांपडण्याजोगे असतात. उलट, तिरप्या रेषेंत मध्यें एक घर सोडून उभे असलेले दोन मोहरे एकाच रंगाच्या घरांत असूनहि एका घोड्यास एकदम धरतां येत नाहींत. सर्वांच्या परिचयाचें उदाहरण घ्या. राजा आपल्या मूळच्या घरांत आहे, व वजिराच्या बाजूचा हत्ती कोपऱ्यांत आहे. दोघांच्या मध्यें तीन घरें. त्या तिहींपैकीं मधल्या घरांत उंटाची मूळची जागा. त्या उंटाच्या पुढील घरांत, जेथें आरंभीं त्याचें प्यादें असतें, शत्रूचा घोडा येऊन बसला, कीं राजास शह व हत्तीवर मारा. नवशिक्यांचे अगणित हत्ती त्या एका घरापायीं गेले असतील!

तिसरा प्रश्न राखणीचा. घोडा ज्या घरांत येणार, त्यावर आपला कोणी पहारेकरी आहे काय? वरच्या उदाहरणांत वजीर आपल्या मूळच्या जागीं असेल, तर तो त्या घरावर नजर ठेवून असतो, व येणारा घोडा मारला जातो. पण तोच वजीर लूट करण्याच्या हौसेनें दूर गेला, म्हणजे मागचें दार उघडें पडतें. हल्ला करणारानेंहि हा प्रश्न स्वतःस विचारावा. कात्री दिसली कीं मुलें हर्षानें घोडा फेंकतात, आणि तो एखादें प्यादें सहज मारून टाकतें. मग वरातीमागून घोडें तसा विचार मागाहून येतो.

याशिवाय घोडा पाठीस लागला असतां राजानें कोठें उभें राहावें, हेंहि ठाऊक असावें. घोड्यापासून तिरप्या रेषेंत एक घर मध्यें सोडून राजा उभा राहिला, तर त्यास शह द्यावयास घोड्यास तीन चाली लागतात. अगदीं बाजूस चिकटून उभा राहिला, तर दोन लागतात; तिरपा चिकटून राहिला, तर बहुधा एकच पुरते. म्हणजे घोड्याच्या बाबतींत जवळ असणें व धोक्यांत असणें या दोन गोष्टी एक नव्हत.

हे तीन प्रश्न वाचून कोणी घोड्याचा डाव ओळखूं लागेल, असें मी म्हणत नाहीं. पोहण्याचें पुस्तक वाचून कोणी विहिरींत तरंगत नाहीं. त्यास सराव हवा, आणि तो सोपा आहे. रिकाम्या पटावर एकटा घोडा ठेवावा. आठ घरांत ज्वारीचे आठ दाणे ठेवावे, व घोड्यानें ते कमींत कमी उड्यांत टिपावे. कोपऱ्यांतील घोड्यास समोरच्या कोपऱ्यांत जावयास किती उड्या लागतात? सहा. आणि त्याच कोपऱ्यांतून अगदीं तिरप्या शेजारच्या घरांत जावयास? दोन, असें पुष्कळ मुलें सांगतात. पण चार लागतात. स्वतः करून पाहावें. रोज दहा मिनिटें हा खेळ खेळणारा मुलगा महिन्याभरांत घोड्याकडे पाहतांना त्याचीं आठ घरेंहि पाहूं लागतो. मग तीं मोजावीं लागत नाहींत, दिसतात.

ज्यास आणखी पुढें जावयाचें असेल, त्यानें घोड्यास चौसष्ट घरांतून, एकहि घर दोनदां न शिवतां, फिरवून आणावें. हा व्यायामहि आपल्याकडे जुना आहे. नवव्या शतकांतील काश्मीरच्या रुद्रटानें आपल्या काव्यालंकारांत अर्ध्या पटावरील घोड्याच्या चालीप्रमाणें अक्षरें मांडून श्लोक रचला. सतराव्या शतकांत नीलकंठ भट्टानें आपल्या भगवंतभास्कर या ग्रंथांत या खेळाचें वर्णन करतांना घोडा सर्व पटावर फिरविण्याच्या रीती दिल्या. हे भट्ट काशीचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. आणि पैठण तर आपल्या शेवगाव तालुक्याच्या सीमेपलीकडेच आहे. धर्मशास्त्राचा एवढा मोठा पंडित घोड्याच्या उड्या मोजण्यांत वेळ घालवितो, यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं.

सवयीचा हा महिमा केवळ माझा तर्क नव्हे. १९७३ सालीं अमेरिकेंतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या दोघां संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावांतील मांडणी पांच सेकंद दाखवून ती आठवणीनें पुन्हां मांडावयास सांगितलें, तेव्हां निष्णात खेळाडूनें नवशिक्यापेक्षां कितीतरी अधिक मोहरे बरोबर ठेवले. परंतु तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखुरून दाखविले, तेव्हां निष्णाताची ती आघाडी जवळजवळ नाहींशी झाली. याचा अर्थ स्पष्ट आहे. त्याची स्मरणशक्ति इतरांहून अलौकिक नव्हती. त्यानें तशा रचना हजारों वेळां पाहिल्या होत्या, म्हणून त्या त्यास ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याप्रमाणें एकदम ओळखूं येत होत्या. शेतकऱ्याचा मुलगा लांबून आपला बैल शंभरांत ओळखतो, तो कोणत्या बुद्धीनें? रोज पाहण्यानें. घोड्याची कात्रीहि तशीच ओळखावयाची असते.

पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. कांहीं पालक या खेळास वेळेचा अपव्यय म्हणतात. अभ्यास टाकून पटावर बसणाऱ्या मुलाच्या बाबतींत तें खरेंहि आहे. त्यास अवश्य उठवावें. दुसरे कांहीं पालक याच्या अगदीं उलट आहेत. आपल्याच जिल्ह्यांतील शार्दूल गागरे २०१६ सालीं ग्रँडमास्टर झाला, नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, हें वाचून त्यांस वाटतें कीं आपल्या मुलानेंहि वर्षभरांत पदक आणावें. न आणलें तर शिकवणीचे पैसे बुडाले. या दोन्ही मंडळींस माझी विनंति अशी कीं, पदकाच्या आशेनें हा खेळ शिकवूं नका व पदक नाहीं म्हणून बंदहि करूं नका. समोरच्याची चाल झाल्यावर 'यानें असें कां केलें?' हा प्रश्न विचारून मग हात उचलणें, एवढी एक संवय मुलास लागली, तरी सर्व मोबदला मिळाला. तो प्रश्न ज्यास पटावर सुचतो, त्यास कधीं तरी गणिताच्या उदाहरणापुढें व भांडणाच्या प्रसंगींहि सुचण्याचा संभव असतो. सुचेलच असें वचन मी देत नाहीं. तें काम शिक्षकांनीं व आईबापांनीं बोलून जोडून द्यावयाचें आहे.

हल्लीं मोबाइलवर असे घोड्याचे डाव शेकड्यांनीं सोडवावयास मिळतात. ती सोय चांगली आहे. खेड्यांतील ज्या मुलास जोडीदार मिळत नाहीं, त्यास तर ती वरदानच आहे. परंतु बोटानें एक घर दाबावें, चुकलें तर दुसरें दाबावें, तेंहि चुकलें तर तिसरें, असें करून जो शंभर डाव सोडवितो, तो एकहि पाहत नाहीं. त्याची संवय वाढते खरी, पण ती अंदाज ठोकण्याची. त्यापेक्षां पांचच डाव घ्यावे, आणि उत्तर मनांत पक्कें झाल्यावांचून बोट लावूं नये.

आतां त्या मुलाचें सांगून हा लेख पुरा करतों. दुसऱ्या दिवशीं मीं त्यास बोलावून माझ्या थट्टेबद्दल वाईट वाटतें असें सांगितलें व तो प्रश्नांचा कागद दिला. कांहीं दिवस तो पटाकडे फिरकला नाहीं. पुढें ज्वारीचे दाणे घेऊन तो एकटाच बसूं लागला. दिवाळीच्या सुटीनंतर एके संध्याकाळीं मीं पाहिलें, तों त्याच जुन्या गड्याशीं त्याचा डाव चालला होता. समोरचा घोडा पुढें आला. मुलाचा हात प्याद्याकडे गेला, थबकला, व त्यानें तो मागें घेऊन चक्क मांडीखालीं दाबून ठेवला. ओठांतल्या ओठांत तो कांहीं मोजीत होता. बऱ्याच वेळानें त्यानें राजा एक घर बाजूस सारला. कात्री चुकली. समोरच्या मुलानें मान हलवून 'वा!' म्हटलें.

तो डाव तो पुढें हरला, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एका हत्तीनें त्याचा घात केला. पण मोहरे पेटींत भरतांना या वेळीं तो बुद्धीविषयीं कांहीं बोलला नाहीं. "सर, हत्तीचेंहि असें कांहीं लिहून द्याल काय?" एवढेंच त्यानें विचारलें.

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षेचें घोडामैदान जवळच आहे. तेथेंहि कोणी 'मला बुद्धीच नाहीं' म्हणून पेटी आवरूं नये. हात मांडीखालीं ठेवावा, प्रश्न पुन्हां वाचावा, आणि मगच लेखणी उचलावी.